मांजराची संथा

तिसरीच्या वर्गात फ्रेंचची तोंडी परीक्षा चालू होती आणि आभाची पाळी आली तेव्हा ललिताने मुद्दामच मान वर केली नाही. आभा तिची भाची, सख्ख्या भावाची मुलगी. शाळेत भाचीकडे जरा जास्त पाहिलं की फाटकाशी उभ्या असलेल्या आया कुजबुजतात, आणि आयांच्या कुजबुजीपुढे भल्याभल्या मुख्याध्यापिका मान तुकवतात. त्यामुळे वर्गात ललिता आभाची आत्या नव्हती. सगळ्यांची होती तशीच ती तिचीही ‘मादाम’ होती.

आभा उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘ल शा दॉर सू ला ताब्ल.’’

मांजर टेबलाखाली झोपलंय. चार ओळींची ही कविता ललितानेच मुलांसाठी रचली होती. पुस्तकातल्या कविता फार शहाण्या असतात, मुलांना मांजर लागतं. दुसऱ्या ओळीत दुधाच्या वाटीत चंद्र होता. वर्गातली निम्मी पोरं त्या चंद्रापाशी अडखळायची, पण आभाचा उच्चार इतका स्वच्छ आला की ललिताला वर पाहावंच लागलं. तेवढ्यात वर्ग हसायला लागला.

आभाचा उजवा हात हलत होता. डोळे मिटलेले, पाठ ताठ, आणि ओळीच्या चढउताराबरोबर हात वर जात होता, खाली येत होता, बाजूला वळत होता. मागच्या बाकावरच्या रुद्रने रिक्षा थांबवल्यासारखा हात करून तिची नक्कल केली. आभाने डोळे उघडले, हात पाठीमागे लपवला आणि उरलेल्या दोन ओळी पुटपुटून ती खाली बसली. ललिताला हसू आलं नाही. तो हात तिने फार दिवसांनी पाहिला होता.

मधल्या सुट्टीत तिने आभाला जिन्यापाशी गाठलं. ‘‘हात कोणी शिकवला?’’

‘‘आजोबांनी. ते मला रोज संथा देतात ना. शाळेत काय दिलं ते मी त्यांना आधी म्हणून दाखवते, मग ते मला देतात. ते एकदा म्हणतात, मी दोनदा म्हणायचं.’’

‘‘फ्रेंचची संथा?’’

‘‘मग कशाची?’’ आभाने डबा उघडत विचारलं.

ललिताला जे वाटलं ते नुसतं दुःख नव्हतं. स्पष्टच सांगायचं तर तो मत्सर होता. पन्नाशीला टेकलेल्या बाईला आठ वर्षांच्या भाचीचा मत्सर वाटावा ही काही मिरवण्यासारखी गोष्ट नाही, म्हणून ती शिक्षकांच्या खोलीत गेली आणि थंड चहा प्यायली.

ढुंढिराज गुरुजी म्हणजे ललिताचे वडील. घरात त्यांना नाना म्हणत. पंचवटीतल्या घरी त्यांची पाठशाळा होती. नदीच्या घाटावर येणाऱ्या यात्रेकरूंचं काम त्यांनी चुलतभावांवर सोपवलं होतं. स्वतः मात्र मुलांना यजुर्वेद शिकवत. कागद नाही, पुस्तक नाही. गुरूने एकदा म्हणायचं, शिष्यांनी दोनदा. हाताने स्वर दाखवायचा, म्हणजे कानाबरोबर हाताच्याही लक्षात राहतं. चांदवड, सिन्नर, त्र्यंबक, कुठकुठली मुलं येऊन राहत. नानांचं पाठांतर असं की एकदा ऐकलेलं ते विसरत नाहीत, असं लोक म्हणत. आणि लोक उगाच म्हणत नव्हते.

संथेची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच दार होतं. त्या दाराच्या अलीकडे बसून लहानगी ललिता भाजी निवडायची. भाजी निवडता निवडता तिला ते सगळं पाठ होऊन गेलं. कोणी शिकवलं नाही, कोणी शिकवणारही नव्हतं. मुलींना संथा द्यायची नाही, ही त्या घरातली न बोलता कळलेली गोष्ट होती. एक दिवस आत चांदवडचा मुलगा ओळीमध्येच अडला. नाना थांबले, बाकीची मुलं थांबली, आणि दाराअलीकडून ललिताने मेथीची जुडी हातात धरून पुढचे शब्द म्हणून टाकले. स्वरासकट.

नाना रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठले, दारापर्यंत आले, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि दार ओढून आतून कडी लावून घेतली. दुसऱ्या दिवसापासून संथा सुरू झाली की आधी कडी वाजायची. आई चहा घेऊन उभी असली तरी ती लागलेलीच. आणि तेव्हापासून नानांचा आवाजही चढला. पूर्वी शांतपणे सांगणारा माणूस घशाच्या शिरा ताणून शिकवू लागला. संध्याकाळपर्यंत घसा बसायचा, आई ज्येष्ठमधाचा तुकडा हातावर ठेवायची आणि म्हणायची, ‘‘एवढं ओरडायला पोरं काय बहिरी आहेत?’’ ललिताला वाटायचं, ते आपल्यावरचा राग त्या मुलांवर काढताहेत. तरी ती भाजी घेऊन मागच्या अंगणात गेली नाही. तिथेच दाराशी बसत राहिली. पण म्हणाली मात्र पुन्हा कधी काही नाही.

कॉलेजात तिने फ्रेंच घेतलं. पहिल्या तासाला बाईंनी एक वाक्य म्हटलं आणि वर्गाने ते एकदा म्हटलं. ललिताने दोनदा म्हटलं. तेव्हाच तिला कळलं की ही भाषा आपली, इथे कोणी कडी लावणार नाही. घरी सांगितलं तेव्हा नाना म्हणाले, ‘‘शीक. त्याला काही बंधन नाही.’’ हे वाक्य तिने आयुष्यभर जपलं, कुसळ बोटात राहतं तसं. पुढे पुण्याला शिकून ती परत आली, शाळेत लागली, कॉलेज रोडला एकटी राहू लागली. फ्रेंच का, असं विचारलं तर पालक दोनच उत्तरं देतात: मार्क चांगले पडतात, आणि पुढेमागे कॅनडा. ललिताचं उत्तर तिसरंच होतं, ते तिला कोणी विचारलं नाही. नानांशी तिचं बोलणं बंद नव्हतं. सणावाराला ती जायची, तब्येत विचारायची. त्या बोलण्यात काही नसायचं इतकंच.

आणि आता हा माणूस मुलीच्या जातीला संथा देत होता. मांजराची का होईना.

शनिवारी ती मखमलाबाद रोडला भावाच्या फ्लॅटवर गेली; पंचवटी सोडल्यापासून नाना तिथेच असत. यावेळी विचारायचंच, असं ठरवून गेली होती. मला का नाही? एवढा एकच प्रश्न होता, आणि तो विचारायला तिला चाळीस वर्षं धीर झाला नव्हता. भाऊ देवव्रत कामावर गेला होता. त्याची बायको स्नेहल कुकर लावत होती. ‘‘आत आहेत दोघं,’’ ती म्हणाली. ‘‘ताई, आवाज करू नका, नाहीतर मादाम आल्या म्हणून पोरगी उठेल. एरवी एका जागी बसत नाही ती.’’

नानांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. ललिता बाहेर पॅसेजमध्ये, चपलांच्या रॅकपाशी उभी राहिली. उभी राहिल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण पुन्हा दाराच्या अलीकडेच आहोत.

‘‘आज काय दिलंय शाळेत?’’ आतून नानांचा आवाज आला.

‘‘आज नवीन कविता आहे, आजोबा.’’

‘‘नवीन? म्हण बघू.’’

आभाने मांजराची कविता म्हटली. ललिता दाराकडे बघतच राहिली. ही कविता तिने दिवाळीची सुट्टी संपल्यावर शिकवली होती आणि आता शिमगा जवळ आला होता. त्यानंतर रंग झाले, फळं झाली, आठवड्याचे वार झाले. आत नाना ती कविता आयुष्यात पहिल्यांदा ऐकल्यासारखे ऐकत होते. ऐकून त्यांनी ती म्हटली, बिनचूक. मग एकेक ओळ ते आभाला देऊ लागले आणि आभा दोनदा म्हणू लागली.

‘‘छान आहे,’’ शेवटी नाना म्हणाले. ‘‘अर्थ नंतर बघू. आधी तोंडात बसू दे. उद्या पक्की होईल.’’

आभा बाहेर आली तेव्हा आत्याला पाहून दचकली. ललिताने तिचा हात धरून तिला गॅलरीत नेलं. ‘‘रोज हीच म्हणतेस?’’

आभाने हळूच सांगून टाकलं. ‘‘आधी मी खरंच नवीन नवीन म्हणायचे. मग एकदा म्हटलं, आजोबा, कालचीच घेऊ. तर ते म्हणाले, कालची कुठली? त्यांना आठवेचना. मग ते असे डोक्यावर हात मारायला लागले. मग रडले. खूप वेळ.’’ तिने गॅलरीचं लोखंड नखाने खरवडलं. ‘‘म्हणून मी रोज नवीन आहे म्हणते. नवीन असली की विसरली असं होत नाही ना.’’

‘‘आईबाबांना सांगितलंस?’’

‘‘नाही. ते सगळ्यांना सांगतात आजोबांचं पाठांतर किती आहे ते.’’

मोठ्यांच्या डोळ्यांवर झापडं होती आणि पोरीला दिसत होतं. जुनं सगळं नानांना पाठ होतं. सकाळी ते अध्यायच्या अध्याय म्हणत, म्हणून घरातल्यांना वाटे, वय झालंय पण डोकं शाबूत आहे. नव्याचा मात्र टिपूसही आत टिकत नव्हता. सकाळची पेज, दुपारचा पाहुणा, कालचं मांजर, सगळं वाहून जात होतं. ललिता त्या दिवशी प्रश्न न विचारताच घरी आली. संध्याकाळी तिने देवव्रतला फोन करून सगळं सांगितलं. तो आधी चिडला, पण पुढच्या आठवड्यात नानांना डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, जुनं बराच काळ राहील, माणसं हळूहळू जातील. जवळची शेवटी जातील.

माणसं जातील, हे ऐकून ललिता रोज जाऊ लागली. शाळा सुटली की आभाला घेऊनच जायची. देवव्रतला वाटलं, ताईला शेवटी वडिलांची माया आली. माया होतीच, ती कुठे गेली नव्हती. पण खरं कारण वेगळं होतं. तिला उत्तर हवं होतं, आणि उत्तर ज्याच्यापाशी होतं तो माणूस डोळ्यांदेखत रिकामा होत होता. एक दिवस आभा खाली खेळायला गेली असताना तिने विचारलंच.

‘‘नाना, पंचवटीच्या घरी तुम्ही संथेच्या वेळी दाराला कडी लावायचात. आठवतं?’’

नानांनी विचार केला. अगदी मनापासून केला. कपाळावर आठ्या पडल्या, ओठ हलले.

‘‘वारा येत असेल,’’ ते म्हणाले.

ललिता उठली, पर्स घेतली आणि स्नेहलला न सांगता निघून आली. वाटेतल्या चौकात रिक्षा अडकली, हॉर्नचा नुसता गोंधळ चालला होता, आणि त्या गोंधळात तिने मनसोक्त रडून घेतलं. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि शहाण्यासारखं रेडिओचा आवाज वाढवला. चाळीस वर्षं जो दगड छातीवर वागवला तो ठेवणाऱ्याला आठवतही नाही, याचा तिला संताप आला. भांडायला समोर माणूस तर हवा. आडातच नाही, पोहऱ्यात कुठून येणार?

नंतर कितीतरी दिवस ती तिकडे फिरकली नाही. वार्षिक परीक्षा आहे, पेपर आहेत, असं सांगितलं. वर्गात आभा तिच्याकडे बघायची आणि काही विचारायची नाही. वार्षिक तोंडी परीक्षेत आभाने हात बाकावर घट्ट दाबून धरला आणि मांजराची कविता म्हटली. अडखळली. ज्या चंद्रापाशी बाकीची पोरं अडखळायची तिथेच. ललिताने तिला मार्क दिले, पण दिवसभर ते तिला खात राहिलं. त्या हाताला पुन्हा एकदा कडी लागली होती, आणि या वेळी ती कोणी लावली याचा विचार ललिताने टाळला.

सुट्टी लागल्यावर स्नेहलचा फोन आला. ‘‘ताई, आम्हाला घोटीला लग्नाला जायचंय. नानांना नेता येत नाही हो, अनोळखी माणसं दिसली की घाबरतात. दुपारपर्यंत बसाल का?’’

ललिता गेली. लग्नाला निघताना आभाने तिला जिन्यात थांबवलं आणि कानात सांगितलं, ‘‘आजोबांना आज कविता द्यायची राहिलीय. तू देशील? नवीन आहे म्हण, बरं का.’’

घरातले गेले. ललिता खोलीत आली तेव्हा नाना खिडकीपाशी बसले होते. तिला पाहताच ते उठून उभे राहिले. मुलीला पाहून उठतात तसे नव्हे. परक्या, मानाच्या माणसासाठी उठतात तसे.

‘‘या, बसा,’’ ते म्हणाले. ‘‘आपण आभाच्या शाळेतल्या बाई ना? ती सांगत असते. मादाम म्हणून.’’

ललिताच्या तोंडून ‘नाना’ निघत होतं, ते तिने गिळलं. जवळची माणसं शेवटी जातील, असं डॉक्टर म्हणाले होते. ती शेवटच्यांत नव्हती, हे तिला आज कळलं. ‘‘हो,’’ ती म्हणाली. ‘‘मीच.’’

‘‘फार चांगलं शिकवता. पोरीचे उच्चार शुद्ध आहेत. घोकंपट्टी नाही, संथा घेतलेली कळते.’’ नानांनी धोतराचा सोगा सारखा केला आणि या घराण्यात कुणाही वैदिकाला विचारतात तो प्रश्न तिला विचारला. ‘‘आपण कोणाच्या शिष्या?’’

‘‘ढुंढिराज गुरुजींची,’’ ललिता म्हणाली.

नानांचा चेहरा जरा उजळला. नाव ओळखीचं वाटलं असावं. ‘‘पंचवटीचे? ते तर मुलींना देत नसत.’’

‘‘नाही देत. मी दाराबाहेर बसून घेतली.’’

‘‘अस्सं.’’ ते हसले. आभा एखादी लबाडी सांगायची तेव्हा हसायचे तसं. मग खिडकीबाहेर बघू लागले. ललिताला वाटलं, विषय संपला, वाहून गेला. ती पदराशी चाळा करत बसली. आता कविता द्यावी, असं म्हणून तिने घसा साफ केला, तसे नाना उठले. हळूहळू, भिंतीला धरत दारापर्यंत गेले, दार लोटलं आणि कडी लावली. घरात दुसरं कोणी नव्हतं.

‘‘कडी लावावी लागते,’’ परत येऊन बसत ते म्हणाले. ‘‘चार ठिकाणची मुलं आहेत, त्यांचे बाप जाब विचारतात. नियम तो नियम.’’ मग आवाज खाली आणून, एका शिकवणाऱ्याने दुसऱ्याला आतली गोष्ट सांगावी तसं म्हणाले, ‘‘पण तुम्ही जरा मोठ्यानं सांगा, बाई. अगदी मोठ्यानं. बाहेर आमची मुलगी बसलेली असते. तिला ऐकू जायला हवं.’’

ज्येष्ठमधाचा वास ललिताला आला, खराच आला. बसलेला घसा, आईचं ते बोलणं, मेथीची जुडी आणि त्या बंद दारामागून रोज चढत गेलेला तो आवाज. तो राग नव्हता. आयुष्यभर तिने त्याला राग म्हटलं होतं. नाना मात्र हात गुडघ्यावर ठेवून, पाठ ताठ करून, शिष्य बसतो तसे बसून तिच्या तोंडाकडे बघत होते.

‘‘काय दिलंय आज?’’ त्यांनी विचारलं.

‘‘नवीन कविता आहे,’’ ललिता म्हणाली.

मग तिने डोळे पुसले आणि उजवा हात उचलला. आयुष्यात कधी, कोणासमोर तिने तो असा उचलला नव्हता. बंद दाराकडे तोंड करून, पॅसेजच्या टोकापर्यंत जाईल इतक्या मोठ्या आवाजात तिने मांजराची पहिली ओळ म्हटली, आणि नानांनी ती दोनदा म्हटली.